हौद वेळेआधी संपतोय? पाणी कुठं मुरतंय ते शोधायचा क्रम

लातुरात नळ रोज येत नाही. मांजरा धरणात किती साठा आहे त्यावर दोन पाण्यांमधलं अंतर ठरतं, आणि तेवढे दिवस घर हौदावर काढायचं असतं. घरात माणसं तेवढीच, पाहुणे नाहीत, वापर नेहमीचाच, आणि तरी नळ यायच्या दोन दिवस आधी हौदाचा तळ दिसायला लागतो. ही तक्रार गल्लीतून, नात्यातून, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मंडळींकडून माझ्याकडे वर्षानुवर्षं येते आहे. मी प्लंबर नाही. पण बरीच घरं बघून कुठं आधी बघायचं आणि कुठं शेवटी, याचा एक क्रम हाताला बसलाय. तो इथं सविस्तर लिहिते. बंगला असो, रो-हाउस असो की खाली हौद आणि गच्चीवर टाकी असलेलं साधं दुमजली घर, क्रम तोच लागू पडतो.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढं वाचा.

- हौद किंवा गच्चीवरची टाकी नेहमीपेक्षा लवकर उतरते, पण कुठलाही नळ गळताना दिसत नाही.
- मोटर पूर्वीपेक्षा जास्त वेळा लावावी लागते.
- मोटर बंद केल्यावर हौदात बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येतो.
- रात्री सगळं शांत झालं की संडासाच्या फ्लश टाकीतून बारीक सूं ऐकू येतं.
- कमोडच्या आत मागच्या बाजूला पिवळट-तपकिरी क्षाराचा उभा पट्टा धरलाय.
- ओव्हरफ्लोच्या पाइपखाली भिंतीवर भर उन्हाळ्यातही हिरवं शेवाळ आहे.
- मोरीच्या किंवा बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे सुटलेत, पांढरं मीठ फुटतंय.
- बागेतल्या एकाच कोपऱ्यात गवत गर्द हिरवं आहे, बाकी सगळं करपलंय.
- नळ जाऊन तास-दोन तास होतात न होतात तोच हौद चार बोटं उतरलेला असतो.

शेवटचं लक्षण बहुतेकांना खरं वाटत नाही. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी मोजा, मग हात लावा

हौद लवकर संपायला लागला की लोक पहिल्यांदा नळ बदलतात. दुकानातून चकचकीत नळ येतात, प्लंबरची मजुरी जाते, आणि गळती असते फ्लशमध्ये. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून पहिली रात्र फक्त मोजायची. याला एक रुपयाही लागत नाही.

रात्री साडेदहाला, सगळ्यांचं आवरल्यावर, एक स्वच्छ काठी किंवा लांब पट्टी घेऊन टाकीतलं पाणी मोजा. काठी तळाला टेकवायची, ओल कुठवर आली तिथं पेनानं खूण करायची. हौदालाही तसंच. रात्रीत कुणी उठलंच तर बादलीत भरून ठेवलेलं पाणी वापरायचं, फ्लश ओढायचा नाही, मोटर लावायची नाही. पहाटे साडेपाचला, दूधवाला यायच्या आधी, पुन्हा मोजा. ज्या रात्री नळ येणार असेल ती रात्र यासाठी घेऊ नका.

आता उतरलेल्या सेंटिमीटरचे लिटर करायचे. हजार लिटरची गोल प्लास्टिक टाकी साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर व्यासाची असते, तिच्यात एक सेंटिमीटर म्हणजे साडेनऊ लिटरच्या आसपास. सात तासांत दोन सेंटिमीटर उतरली तर एकोणीस लिटर, म्हणजे दिवसाला ६५ लिटर. चौकोनी हौदाचं सोपं आहे: लांबी-रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि त्याला दहानं गुणा, तेवढे लिटर एका सेंटिमीटरला. फुटांत मोजत असाल तर ८ बाय ६ च्या हौदात एक इंच म्हणजे ११३ लिटर. हा आकडा ऐकून बरीच माणसं गप्प होतात, कारण हौदातला एक इंच डोळ्याला काहीच वाटत नाही. झाकलेल्या हौदातून वाफ होऊन इतकं पाणी जात नाही, त्यामुळे «उन्हामुळं आटलं असेल» हे कारण बाजूला ठेवा.

दुसऱ्या रात्री हेच पुन्हा करा, फक्त झोपताना टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून. ही दुसरी रात्र सगळ्यात महत्त्वाची, कारण तिनं घराचे दोन भाग पडतात. व्हॉल्व्ह उघडा असताना टाकी उतरते आणि बंद असताना उतरत नाही, तर गळती घरातल्या नळ-फ्लश-पाइपमध्ये आहे. व्हॉल्व्ह बंद करूनही उतरते, तर टाकी फुटलीय, व्हॉल्व्हच धरत नाही, किंवा पाणी मोटरच्या पाइपनं खाली परत जातंय. आणि टाकी जिथल्या तिथं, पण हौद उतरतोय, तर घराकडे बघूच नका, थेट हौदाच्या भागाकडे या.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. बागेची लाइन टाकीखालून वेगळी निघत असेल तर तिचाही व्हॉल्व्ह वेगळा बंद करून एक रात्र बघा.

फ्लशची टाकी: सगळ्यात आधी इथं

घरातल्या बाजूला गळती निघाली की मी पहिल्यांदा संडासात जाते. नळाची गळती दिसते, ऐकू येते, खाली बादली तरी लागते. फ्लशची गळती मात्र कमोडच्या आतल्या भिंतीवरून काचेसारखी पातळ होऊन सरळ गटारात जाते. शेजारच्या मावशींनी मला ठामपणे सांगितलं होतं, «अगं, कुठं काही गळत नाही, सगळे नळ कोरडे ठाक आहेत.» नळ खरोखरच कोरडे होते. पाणी जात होतं फ्लशमधून, मिनिटाला जेमतेम अर्धी वाटी, शंभर मिली. दिवसाचे झाले १४४ लिटर. शहरातल्या एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी पाणीयोजनांचा निकष आहे. म्हणजे त्या घरात एक माणूस जास्तीचा राहत होता म्हणा.

तपासणी अशी. फ्लश टाकीचं झाकण काढा. जिलेबीला वापरतात तो खाण्याचा केशरी रंग चिमूटभर टाकीत टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश ओढू देऊ नका. हळद टाकू नका, ती पाण्यात नीट विरघळत नाही आणि डागही पडतात. अर्ध्या तासानं कमोडमध्ये रंग उतरला असेल तर गळती पक्की. घरातल्या प्रत्येक संडासाला हे करा, न वापरल्या जाणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या संडासाला तर आधी. तिथं कुणी जात नाही, त्यामुळे तिथली गळती महिनोन्महिने कळत नाही.

रंग उतरला तर दोन कारणांपैकी एक असतं. टाकीच्या मध्यभागी उभी पोकळ नळी असते, ती ओव्हरफ्लोची. पाणी तिच्या तोंडापर्यंत येऊन आत सांडत असेल तर तळाचं वॉशर चांगलं आहे, फक्त फ्लोट उंच लागलाय. स्क्रू फिरवून किंवा फ्लोट खाली सरकवून पाणी त्या तोंडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबेल असं करा. खर्च शून्य. पाणी नळीच्या बरंच खाली असूनही रंग उतरत असेल तर तळाचं रबरी वॉशर धरत नाही.

वॉशर लगेच फेकू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, क्षाराचं. वॉशर जिथं टेकतं त्या कडेवर पांढरा थर बसतो आणि रबर नीट बसत नाही. अँगल कॉक (भिंतीतून फ्लश टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा, टाकी रिकामी करा, वॉशर काढून बोटानं चाचपा. ते मऊ असेल तर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, बैठकीची कड जुन्या टूथब्रशनं घासा आणि परत बसवा. कडक झालं असेल, चिरा पडल्या असतील, बोटाला काळं लागत असेल तर बदला. जुनं वॉशर खिशात घालूनच दुकानात जा, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं आणि «साधारण एवढं» सांगून आणलेलं बसत नाही. संडास धुवायचं ॲसिड या टाकीत कधीही ओतू नका. क्षार जातो हे खरं, पण रबरही जातं.

दुरुस्तीला दिवस लागणार असतील तर अँगल कॉक बंद ठेवा आणि गरजेपुरता उघडा. जेट स्प्रेच्या कॉकचंही तसंच. पिस्तूल दाबायचं सोडलं तरी त्याच्या पाइपवर सतत दाब असतो, आणि तो पाइप फुटतो नेमका घराला कुलूप लावून सगळे गावाला गेल्यावर.

नळ, गीझर, फिल्टर

यांचं थोडक्यात. नळ ठिबकत असेल तर खाली पेला ठेवा आणि घड्याळ बघा. दोनशे मिलीचा पेला दहा मिनिटांत भरला तर दिवसाला जवळपास २९ लिटर. जुन्या, बरेच वेढे फिरणाऱ्या नळात आतली चकती बदलली की काम होतं. तो आवळून आवळून बंद करू नका, त्यानं चकती कापली जाते आणि बैठकही खराब होते. अर्ध्या फेऱ्याच्या नळात सिरॅमिकचं स्पिंडल असतं, ते आख्खं बदलावं लागतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करता येत असेल आणि पाना धरता येत असेल तर दोन्ही कामं घरी होतात.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापत असताना चार थेंब पडणं ठीक आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. गीझर बंद असतानाही धार चालू असेल तर व्हॉल्व्ह गेलाय. तो बुच मारून बंद करणारे लोक मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका, दाब वाढला की बाहेर पडायची ती एकच वाट असते. ते काम मेकॅनिकचं.

आरओ फिल्टरची टाकी पूर्ण भरली की काही मिनिटांत त्याच्या सांडपाण्याच्या बारीक नळीतून पाणी थांबलं पाहिजे. रात्री झोपताना ती नळी रिकाम्या बाटलीत सोडून ठेवा. सकाळी बाटली भरली असेल तर आतला शटऑफ खराब आहे आणि फिल्टर रात्रभर पाणी फेकतोय. ते सांडपाणी एरवी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. कुंड्यांना रोज घालू नका. आधीच जड असलेलं पाणी फिल्टरमधून निघताना आणखी क्षाराचं होतं, आणि महिन्याभरात मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, ते मीठ असतं.

टाकी ठराविक खुणेपर्यंतच उतरते?

व्हॉल्व्ह बंद ठेवूनही टाकी उतरली तर आधी बाहेरून तपासा: तळाशी ओल, जोडाशी शेवाळ, उन्हानं तडकलेली कड. काही दिसत नसेल तर ती किती उतरते ते नीट बघा. दर वेळी नेमकी एकाच उंचीवर येऊन थांबत असेल तर तो सायफन आहे.

होतं असं. मोटरचा पाइप वरून टाकीत येतो. पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून कुणीतरी तो पाइप टाकीत खोलवर सोडलेला असतो, त्याचं तोंड पाण्यात बुडतं. खाली मोटरला जो एनआरव्ही किंवा फूट व्हॉल्व्ह असतो, ज्याचं काम पाणी परत येऊ न देणं, त्यात वाळूचा कण किंवा क्षार अडकतो. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी खाली घसरतं आणि घसरताना टाकीतलं पाणी आपल्यामागं ओढतं. बुडलेलं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी होत राहते आणि तेवढं पाणी परत हौदात जातं. पाणी वाया जात नाही हे खरं, पण तेच पाणी तुम्ही पुन्हा पुन्हा वर चढवता, विजेचं बिल वाढतं, आणि टाकी रिकामी दिसली की «पाणी संपलं» म्हणून टँकर सांगितला जातो.

तपासायला मोटर बंद केल्यावर हौदाचं झाकण उघडून कान द्या. अर्धा मिनिट पाणी पडणं म्हणजे पाइप रिकामा होणं, ते चालतं. पाच मिनिटांनीही आवाज चालू असेल तर सायफन लागलाय. उपाय वरच्या टोकाला, आणि अगदी स्वस्त: टाकीतला पाइप कापून त्याचं तोंड भरलेल्या पाण्याच्या वर आणा. कापायचा नसेल तर टाकीच्या आतच, पाण्याच्या पातळीच्या वर, पाइपाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. एनआरव्ही साफ करणं किंवा बदलणं हे त्यानंतर. नवा बसवताना त्याच्यावरचा बाण पाणी जायच्या दिशेला आहे ना ते स्वतः उभं राहून बघा.

काही घरांत मोटरचा पाइप टाकीला तळातून जोडलेला असतो. तिथं थांबायची खूणच नसते, टाकी पूर्ण उतरते, आणि एनआरव्हीशिवाय दुसरा इलाज नाही.

हौद उतरतोय

आता त्या शेवटच्या लक्षणाकडे येऊ. नळ गेल्यावर तास-दोन तासांत हौद उतरतो, मग थांबतो. जिथं पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं तिथं पुरवठा बंद झाला की रस्त्यातली मुख्य लाइन रिकामी होते, आणि उताराकडचे लोक शेवटचं पाणी ओढून घेत असतात. तुमच्या नळाचं तोंड हौदातल्या पाण्यात बुडालेलं असेल तर तुमचं साठवलेलं पाणी त्याच नळानं उलटं रस्त्याच्या लाइनमध्ये जातं. कुणाच्या घरी जातं तेही कळत नाही. उपाय तोच: नळाचं तोंड भरलेल्या पातळीच्या वर आणायचं, मध्ये हवेची जागा ठेवायची, म्हणजे उलटी ओढ लागतच नाही. पाण्याच्या दृष्टीनं आणि आरोग्याच्या दृष्टीनंही हे पहिल्या दिवशी करून घ्यावं असं काम आहे.

याच कारणानं नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं मला मनापासून वाईट वाटतं. नियमात बसत नाही ते आहेच. पण ओढीमुळं लाइन पोकळ होते आणि जोडांतून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत येतं. ते तुमच्याच हौदात पडतं, आणि शेजाऱ्यांच्याही.

दुसरी तपासणी बॉल कॉकची, म्हणजे हौद भरला की तरंगत्या चेंडूनं पाणी बंद करणाऱ्या नळाची. नळ चालू असताना चेंडू हातानं वर उचला. पाणी पूर्ण थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर आतलं वॉशर गेलंय. थांबलं, पण हौद भरल्यावर आपोआप थांबत नाही, तर चेंडू सोडवून कानाशी हलवा. आत पाणी खळखळत असेल तर चेंडूला चीर आहे, तो तरंगणार नाही. आपल्याकडे पाणी बऱ्याचदा अपरात्री सुटतं, त्यामुळे ओव्हरफ्लो गटारात वाहत राहतो आणि कुणालाच दिसत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटाराला जोडलेला असेल तर तो तोडून उघड्यावर सोडा. एक तर वाहिलेलं दिसेल, आणि पावसाळ्यात गटार तुंबलं तर घाण उलटी हौदात येणार नाही.

हे सगळं ठीक असूनही हौद उतरत असेल तर हौदालाच तडा आहे. आमच्या काळ्या मातीत हे नेहमीचं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या ओढाताणीत हौदाची भिंत आणि जमिनीतले पाइपांचे जोड दोन्ही हलतात. तडा कुठं आहे हे पाणीच सांगतं. दोन-तीन दिवस रोज एकाच वेळी काठीनं मोजा. पाणी भराभर उतरून एका उंचीवर आल्यावर जवळजवळ थांबलं तर तडा त्याच उंचीवर आहे. तळापर्यंत उतरतच राहिलं तर तडा तळाला किंवा तळ आणि भिंतीच्या कोनात.

यापुढं स्वतः काही करू नका. हौदात उतरू नका. बंद हौदात प्राणवायू कमी असतो, आत उतरलेला माणूस कसलीही चाहूल न लागता कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. गिलावा, वॉटरप्रूफिंग करणाऱ्या माणसालाच बोलवा. तोही झाकण बराच वेळ उघडं ठेवून, मोटरची वीज मेन स्विचपासून तोडून, वर दुसरा माणूस उभा करूनच उतरला पाहिजे. तो घाई करत असेल तर तुम्ही थांबवा.

बाग

बागेतलं पाणी दोन तऱ्हेनं जातं: पाइप गळून, आणि झाडाला नको असताना घालून. पहिलं शोधायला सोपं. ठिबकची लाइन चालू करून कडेकडेनं चालत जा. खारींनी आणि उंदरांनी १६ मिमीचा लॅटरल (ड्रिपर बसवलेला बारीक पाइप) कुरतडलेला असतो, शेवटची गाठ सुटलेली असते, एखादा ड्रिपर निसटून तिथं बोटभर धार लागलेली असते. गर्द हिरव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.

पाणी जास्त लागायचं खरं कारण मात्र बहुतेक वेळा चोंदलेले ड्रिपर हेच असतं. काही झाडांना पाणी पोहोचत नाही, ती सुकतात, म्हणून आपण लाइन अर्ध्या तासाऐवजी दीड तास चालवतो, आणि ज्यांचे ड्रिपर चांगले आहेत त्या झाडांखाली तळं होतं. ड्रिपरखाली वाटी ठेवून तीन मिनिटं थांबा. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर दोनशे मिली जमायला हवं. निम्म्याहून कमी जमलं तर तो काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. सगळ्याच ड्रिपरमधून कमी येत असेल तर ड्रिपर काढत बसू नका. आधी फिल्टरची जाळी धुवा, मग लॅटरलचं शेवटचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. ते पाणी बादलीत धरा.

तरीही धार मंदच असेल तर दाबाचा प्रश्न आहे. ठिबक साधारण एक किलो दाबाला बेतलेलं असतं, आणि एक किलो दाबाला दहा मीटर उंची लागते. गच्चीवरची टाकी बागेपासून जेमतेम चार मीटर उंच असते. अशा ठिकाणी दाब स्वतः सांभाळणारे महागडे ड्रिपर नीट चालत नाहीत. साधे ड्रिपर घ्या आणि लाइन लहान ठेवा.

कुंड्यांचं एक जवळून बघण्यासारखं आहे. माती फार वाळली की ती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मध्ये नख जाईल एवढी फट राहते. मग तांब्याभर पाणी ओतलं तर ते मातीत न मुरता त्या फटीतून खाली जातं, बशीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. बोट खुपसून बघा, एक इंचाखाली माती कोरडी फटफटीत असते. कडेची माती बोटानं दाबून फट बुजवा, अर्धा तांब्या घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेला घाला. पहिल्या अर्ध्यानं माती फुगते आणि दुसरा अर्धा झाडाला मिळतो.

जमिनीतल्या झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट अंथरा. आमच्या भागात ते शेतात जाळून टाकतात, मागितलं तर कुणीही देतं. चार बोटं जाडीचा थर असला की एप्रिल-मे मध्ये रोजचं पाणी दोन दिवसांआड करता येतं. बोट खुपसून ओल बघायची आणि मगच पाणी घालायचं, वाराप्रमाणे नाही. नव्या रोपाशेजारी चांगलं पाझरणारं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून झाकून ठेवलं तर आठवडाभराची काळजी मिटते. आंघोळीचं पाणी अळू, केळ, कर्दळीला जाऊ द्या, घराघरांत पूर्वीपासून तसंच होतं. कपड्यांच्या साबणाचं पहिलं पाणी मात्र नको, आणि कोथिंबीर, पालक, मेथीला मोरीचं पाणी अजिबात नको.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

हौदात उतरायचं असेल तर. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा असेल तर. मोटरला, तिच्या स्विचला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर बारीकसा जरी झटका बसला तरी लगेच मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लंबरला नंतर.

भिंतीच्या आतल्या पाइपवर संशय असेल तर टाइल्स फोडू नका. आधी वेगवेगळ्या बाथरूमचे व्हॉल्व्ह एकेका रात्री बंद करून गळती कुठल्या शाखेत आहे ते काढा, मग प्लंबरला सांगून त्याच शाखेला दाब देऊन तपासून घ्या. ओल जिथं दिसते तिथंच पाइप फुटलेला असतो असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत चार-सहा फूट लांब जाऊन उगवतं. छताला ओल येऊन सळई गंजलेली दिसत असेल, प्लास्टर सुटत असेल, तर ते काम प्लंबरच्याही पुढचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

मीटरच्या किंवा तुमच्या कॉकच्या अलीकडची, रस्त्याकडची लाइन महापालिकेची. तिथं गळती दिसली तर फोटो काढून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, स्वतः खणू नका. हौदातल्या पाण्याला वास येत असेल किंवा ते गढूळ झालं असेल तर गळती राहू द्या बाजूला, ते पिणं त्याच क्षणी बंद करा आणि आधी पाणी तपासून घ्या.

प्लंबरला बोलावताना दोन रात्रींचे आकडे कागदावर लिहून हातात द्या: व्हॉल्व्ह उघडा असताना किती उतरली, बंद असताना किती, कुठल्या उंचीवर थांबली. चांगला प्लंबर ते बघून सरळ त्या जागी जातो. जो कागद न बघताच «सगळी लाइन बदलावी लागेल» म्हणतो, त्याला नम्रपणे चहा पाजून दुसऱ्याला विचारा.

मी यासाठी एवढी मागं लागते त्याचं कारण २०१६ चा एप्रिल आहे. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. तेव्हापासून मी हिशोब असा करते: पाच हजार घरांत रोज शंभर शंभर लिटरचे फ्लश गळत असतील, तर रोज तशी एक आख्खी गाडी गटारात जाते.

दुरुस्ती झाली की त्याच आठवड्यात पुन्हा एक रात्र काठीनं मोजा. खूण हलली नाही तर झालं. थोडी जरी हलली तरी दुसरी गळती आहे, कारण मोठी बंद झाल्याशिवाय लहान दिसत नाही. क्रम पुन्हा फ्लशपासून सुरू करा. यापुढं वर्षातून दोनदा, होळीच्या आसपास आणि दिवाळीच्या साफसफाईत, फ्लशमध्ये रंग टाकून बघा आणि बॉल कॉकचा चेंडू एकदा हलवून घ्या.